आधी चेंडू, मग संगणक

संपादक मंडळाकडून

पुढील शैक्षणिक वर्षापासून आपल्या शाळेत ॲनिमेशनचा वर्ग सुरू करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आहे. संगणक कक्षात नवीन यंत्रे बसवायची, त्यासाठीचे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे आणि बाहेरच्या एका संस्थेचे शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येऊन आठवी-नववीला शिकवतील, अशी ती योजना आहे. त्याच कागदावर आणखी एक ओळ आहे. आपले चित्रकलेचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांची जागा तूर्त न भरता चित्रकलेच्या तासिका या नव्या वर्गाला द्याव्यात, असे तिथे सुचवले आहे.

पालकसभेत या योजनेचे स्वागत झाले आणि ते आम्ही समजू शकतो. वडोदऱ्यात मराठी माध्यमाच्या वर्गांचा पट पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, "तुमच्याकडे नवीन काय आहे?" तेव्हा दाखवायला काहीतरी हवे, ही विश्वस्तांची चिंता खरी आहे. म्हणून आम्ही आरंभीच सांगतो, की ॲनिमेशनचा वर्ग व्हावा असे आमचेही मत आहे. आमचा मतभेद क्रमाबद्दल आहे. पहिली सहामाही कागद, पेन्सिल आणि चेंडू यांची असावी, संगणक त्यानंतर यावा आणि चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी राहू नये. याची कारणे आम्ही पुढे मांडत आहोत.

ॲनिमेशन म्हणजे नेमके काय शिकायचे?

पडद्यावर एका सेकंदात चोवीस फ्रेम सरकतात. हाताने काढलेल्या चित्रपटात बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे लागतात. दहा सेकंदांसाठी एकशेवीस चित्रे झाली. पाचशे कागदांचे एक रिम संपवले, तरी पुरते चाळीस-बेचाळीस सेकंदच हाती येतात. हा हिशेब ऐकला की मुलांना वाटते, चित्रे फार काढावी लागतात हीच यातली अडचण. खरी अडचण वेगळीच आहे. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत वस्तू किती सरकली पाहिजे, हे ठरवणे अवघड आहे.

चेंडूचेच उदाहरण घेऊ. सुमारे सोळा फुटांवरून सोडलेला चेंडू जमिनीवर यायला एक सेकंद लागतो. त्याची बारा चित्रे काढायला सांगितली, तर जवळजवळ प्रत्येक मूल सोळा फुटांचे बारा सारखे भाग पाडते आणि प्रत्येक रेघेवर एकेक चेंडू काढते. मग पाने भराभर उलटून पाहिली, की चेंडू पडत नाही. तो लिफ्टमधून उतरल्यासारखा खाली येतो. चूक कुठे झाली, हे मुलाला डोळ्यांनी दिसते, पण का झाली ते कळत नाही.

सेकंदाचे चार भाग करा. पहिल्या पाव सेकंदात चेंडू एक फूट खाली येतो, दुसऱ्यात तीन फूट, तिसऱ्यात पाच आणि चौथ्यात सात. बेरीज सोळा. एक, तीन, पाच, सात या विषम संख्यांचा हा क्रम गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी उतरणीवरून गोळे सोडून शोधला होता. म्हणजे वरच्या टोकाशी चेंडूची चित्रे एकमेकांना चिकटून हवीत आणि जमिनीजवळ ती दूर दूर हवीत. ज्या मुलाने असा कागद एकदा स्वतः आखला, त्याला नववी-दहावीतले गुरुत्वत्वरणाचे समीकरण परके वाटणार नाही. त्याने ते हाताने काढलेले असते.

चेंडू उसळला, की पुढचा धडा सुरू होतो. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा ठेंगणी असते आणि वेळही कमी घेते. पण उंची निम्मी झाली म्हणून वेळ निम्मा होत नाही, तो सुमारे सात दशांश होतो. रबरी चेंडू जमिनीला टेकताना क्षणभर चपटा होतो. चित्रात तो चपटा काढायचा तर रुंदही काढावा लागतो, नाहीतर चेंडूतला थोडा भाग नाहीसा झाल्यासारखे दिसते. क्रिकेटचा चेंडू असा चपटा होताना दिसत नाही, तो टणकन उडतो. फुगा उसळतो न उसळतो तोच रेंगाळतो. गोल एकच, पण चित्रांमधले अंतर बदलले की तो गोल कधी लोखंडाचा होतो, कधी रबराचा, तर कधी हवेचा. वजन रंगाने किंवा सावलीने दाखवता येत नाही, ते वेळेने दाखवावे लागते. आमच्या मते ही या कलेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती शिकायला दोन रुपयांची पेन्सिल पुरते.

आठवीच्या वर्गात काय घडले

या वर्षी दिवाळीनंतर चित्रकलेच्या सरांनी आठवीच्या मुलांबरोबर सहा आठवडे हा प्रयोग करून पाहिला. विज्ञानाच्या बाईंनी त्यांना साथ दिली. साहित्य म्हणजे कार्यालयातून मिळालेले एका बाजूने कोरे कागद, भोके पाडायचे पंच मशीन, दोन खिळे ठोकलेली फळी आणि खालून दिवा लावलेली खिडकीची एक जुनी काच. दर आठवड्याला एक वस्तू घ्यायची, आधी पाहायची, वेळ मोजायची आणि मग काढायची, असा नियम होता.

चेंडूनंतर लंबकाची पाळी आली. एक मीटर दोऱ्याला दगड बांधला, तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला जवळजवळ बरोबर एक सेकंद लागतो, म्हणजे बारा चित्रे. दगड बदलून जड घेतला तरी वेळ तीच राहते. दोरा पाव मीटर केला की वेळ निम्मी होते. मुलांनी हे पडताळले आणि मग लगेच घरोघरचे हिंचके आठवले. टोकाशी पोचताना हिंचका मंदावतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मध्ये येताना सर्वांत वेगात असतो. बसलेल्या आजींच्या पदराचे टोक मात्र मागे राहते आणि हिंचका परतायला लागला तरी ते आधीच्याच दिशेने जात असते. ही शेवटची गोष्ट एका मुलीने घरी पाहून वहीत लिहून आणली होती. जाणकार चित्रकार हिला मागून येणारी हालचाल म्हणतात. नवरात्रात गरबा खेळणारी मुलगी गिरकी घेऊन थांबते आणि घागरा थांबत नाही, तो पुढे जाऊन तिच्याभोवती गुंडाळतो आणि मग परततो, तीच ही गोष्ट. उत्तरायणात पतंगाची शेपटी पाहा. पतंग आधी वळतो आणि शेपटी त्याच्या जुन्या वाटेने नंतर येते.

तिसऱ्या आठवड्यात एकच कागद दोन प्रकारे सोडला. सपाट सोडला तर तो एका बाजूला घसरतो, थबकतो, दुसऱ्या बाजूला घसरतो. चुरगळून सोडला तर सरळ खाली येतो. वजन तेच आणि कागदही तोच, फरक आहे तो हवेचा. पिंपळाचे पान काढण्यापूर्वी हे कळलेले बरे.

सर्वांत चांगली गंमत स्टीलच्या वाटीने केली. वाटी जमिनीवर उभी फिरवून सोडायची आणि ती डगमगत डगमगत शांत होईपर्यंतची चित्रे काढायची. सर्व मुलांनी आधी अंदाजाने चित्रे काढली आणि सर्वांच्या चित्रांत वाटीचे डगमगणे हळूहळू मंद होत थांबले. मग प्रत्यक्ष वाटी फिरवली. आवाज ऐका, असे सरांनी सांगितले. वाटी जमिनीला टेकत येते तसतसा आवाज भराभर येऊ लागतो, शेवटी तर एक सलग थरथर ऐकू येते आणि मग एकदम शांतता. म्हणजे वाटीचा तोल खाली येतो तसे तिचे डगमगणे अधिक जलद होते. रोज स्वयंपाकघरात हा आवाज कानावर पडत असूनही वर्गातल्या एकाही मुलाला हे माहीत नव्हते. प्रामाणिकपणे सांगायचे, तर तिथे बसलेल्या मोठ्यांपैकीही कोणाला ते सांगता आले नसते.

पाहणे आणि दिसणे यांत फरक आहे, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. त्या दिवशी ते वाटीने सांगितले.

डोळ्यांवर विसंबू नये, याचा जुना पुरावा

हा अनुभव आपल्या आठवीलाच आला असे नाही. घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, यावर एकोणिसाव्या शतकात वाद होता. युरोपातले मोठमोठे चित्रकार धावता घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले काढत. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने लावले आणि घोड्याची एकामागोमाग छायाचित्रे घेतली. चारही पाय सुटतात, हे त्यांत दिसले. पण ते ताणलेले असताना सुटत नाहीत. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, त्या क्षणी घोडा हवेत असतो. घोडे रोज पाहणाऱ्या, घोड्यांवर बसणाऱ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते चुकीचे काढले होते.

अमेरिकेतील डिस्ने स्टुडिओत १९३२ साली नोकरीत असलेल्या चित्रकारांसाठी संध्याकाळचे चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. पगारी, कुशल माणसांना पुन्हा शाळेत बसवले गेले. 'बँबी' (१९४२) या चित्रपटासाठी हरणाची खरी पाडसे स्टुडिओत आणून ठेवली होती, ती कशी उठतात, कशी पाय टाकतात हे पाहण्यासाठी. त्या स्टुडिओतले फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या अनुभवाचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ॲनिमेशनची बारा तत्त्वे सांगितली. आज संगणकावर काम करणाऱ्या संस्थाही तीच तत्त्वे शिकवतात. त्यांतली चपटे होणे-ताणणे, हळू सुरुवात-हळू शेवट, वक्र मार्ग, मागून येणारी हालचाल आणि वेळेचे भान ही तत्त्वे आपल्या आठवीच्या मुलांनी चेंडू, हिंचका आणि पदर यांवरून सहा आठवड्यांत ओळखली. ती ज्या पुस्तकात आहेत, ते त्यांनी उघडलेले नव्हते.

आपल्या गावची गोष्ट

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन सुरू केले. हातातले कसब आणि डोक्यातले शास्त्र एकाच छपराखाली शिकवावे, हा त्यामागचा विचार होता. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर याच कलाभवनात शिकले. रेखाटन, रंगकाम, छायाचित्रण, साचेकाम असे अनेक विषय त्यांनी इथे हाताळले. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी त्यांनी एक छोटा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत दिसली. हे पाहूनच चित्रपटासाठी पैसे उभे करायला त्यांना मदत झाली. १९१५ साली त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला.

वाटाणा आणि आगकाड्या! भारतीय चित्रपटाच्या जनकाने आरंभीच्या दिवसांत निवडलेले विषय किती साधे होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. चित्रकलेचा पाया, शास्त्राची उत्सुकता आणि तासन्‌तास एका वस्तूकडे पाहण्याची चिकाटी एवढे भांडवल त्यांच्याकडे होते, आणि त्यातले काही आपल्या या शहराने त्यांना दिले होते.

पुढे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवण्यासाठी डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी तयार झाली. जातककथेवरचा 'द बनियन डिअर' १९५७ साली निघाला. १९७४ साली विजया मुळे यांनी लहान मुलांसाठी केलेला 'एक अनेक और एकता' तर आजच्या पालकांपैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिलेला असेल. ही सर्व कामे हाताने काढलेल्या चित्रांची आहेत. त्यांतली चिमणी किंवा हरीण खरे वाटते, कारण काढणाऱ्याने आधी ते पाहिलेले असते.

मराठीच्या तासाचाही यात वाटा आहे

आमच्या मंडळातील मराठीच्या बाईंनी एक मुद्दा मांडला आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटला. हालचाल सांगणारे शब्द आपल्या भाषेत किती आहेत, ते मोजून पाहा. गोल वस्तू घरंगळते, गडगडते, लोळते. दोरीला बांधलेली झुलते, हेलकावते. हलकी वस्तू तरंगते, भिरभिरते, लहरते. उभी वस्तू डुलते, लटपटते, डगमगते, कलंडते. पडणारी कोसळते, आदळते, आपटते. शिवाय सरपटणे, घसरणे, निसटणे, उसळणे, फडफडणे, थरथरणे आहेतच. हे एकाच अर्थाचे वीस शब्द नाहीत. लिंबू उताराने घरंगळते, दरड कोसळते आणि गडगडत येतो तो धोंडा. लिंबू गडगडले असे म्हटले, तर लिंबू डोळ्यांपुढे भलतेच मोठे होते. म्हणजे शब्दातच वस्तूचे वजन आणि वेग दडलेला आहे.

आपली मुले घराबाहेर गुजराती बोलतात, मोबाईलवर हिंदी-इंग्रजी ऐकतात आणि घरातल्या मराठीत या सर्वांऐवजी "हलते", "पडते", "फिरते" एवढ्यावर भागवतात. आठवीच्या प्रयोगात सरांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क्रियापद लिहायला लावले. चित्र पुरे झाल्यावर शेजारच्या मुलाने ते पाहून क्रियापद ओळखायचे. "घरंगळते" लिहिलेल्या चित्रावर शेजाऱ्याने "घसरते" म्हटले, की चित्रातला चेंडू फिरलेलाच नाही हे लगेच उमगायचे. मग चेंडूवर एक ठिपका काढायचा, म्हणजे तो फिरताना दिसतो. शब्दाने चित्र सुधारले आणि चित्राने शब्द पक्का केला. मराठी शाळा टिकवायची असे आपण सभांमधून म्हणतो. भाषा अशा ठिकाणी टिकते, असे आम्हाला वाटते.

विरोधी मुद्दे

आता प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पाहू. ते आम्ही मनापासून ऐकले आहे.

पहिला मुद्दा असा, की मधली चित्रे आता संगणक काढतो, मग मुलांनी बारा-बारा कागद कशाला खरडायचे? संगणक मधली चित्रे काढतो हे खरे आहे. पण पहिले आणि शेवटचे चित्र दिले आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तो अनेकदा मधले अंतर सारखे वाटून टाकतो. आठवीतल्या मुलांनी पहिल्या दिवशी केले, नेमके तेच. वेग कुठे वाढवायचा, कुठे थोपवायचा हे माणसाने सांगावे लागते. ज्याला चेंडू कसा पडतो हे माहीत आहे, तो हे एका मिनिटात सांगेल. ज्याला माहीत नाही, तो बटणे दाबत बसेल.

दुसरा मुद्दा त्याहून नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, एक वाक्य लिहिले की हलते चित्र तयार होते. मग ही विद्या शिकून उपयोग काय? आमचे उत्तर असे, की तयार होऊन आलेले चित्र बरोबर आहे की नाही, हे कोण ठरवणार? चित्रातला माणूस चालताना पाय जमिनीवर घसरतो आहे का, उचललेले पिंप रिकामे वाटते आहे का, हे ओळखणारा डोळा लागतोच. साधने दर दोन वर्षांनी बदलतील. आज विकत घेतलेले सॉफ्टवेअर आताची पाचवी दहावीत जाईपर्यंत जुने होईल. पाव सेकंदात एक फूट, हे जुने होणार नाही.

तिसरा मुद्दा पालकांचा आहे, आणि तो सर्वांत रास्त आहे. यातून मुलांना काम मिळेल का? याबाबत आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. चाळीसांच्या वर्गातली एक-दोन मुले या क्षेत्रात गेली तरी पुष्कळ झाले. ज्यांना जायचे असेल, त्यांच्यासाठी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे आणि आपल्याच शहरात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासून आहे. अशा ठिकाणी प्रवेश घेताना हातचे रेखाटन आणि निरीक्षण यांचा कस लागतो. कोणते सॉफ्टवेअर येते, याने तिथे फारसे काही ठरत नाही. उरलेल्या अडतीस मुलांचे काय? त्यांतला कोणी यंत्रे दुरुस्त करील, कोणी डॉक्टर होईल, कोणी दुकान चालवील. नीट पाहणे, वेळ मोजणे आणि आपला अंदाज खरा ठरतो का ते तपासून घेणे, या सवयी त्यांच्या कामाला येतील.

चौथा मुद्दा दिखाऊपणाचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. प्रवेशाच्या वेळी पालकांना दाखवायला संगणक कक्ष लागतो, फळीवरचे दोन खिळे दाखवून कोणी प्रवेश घेत नाही. मान्य. पण मुलांनी केलेला चित्रपट दाखवला तर? चाळीस मुलांनी प्रत्येकी तीन सेकंदांचे, म्हणजे छत्तीस चित्रांचे काम केले, तर दोन मिनिटांचा चित्रपट होतो. त्याला एक हजार चारशे चाळीस कागद, म्हणजे तीन रिमांहूनही थोडे कमीच लागतात. चित्रे मोबाईलवर टिपून जोडता येतात, त्यासाठीची साधी साधने फुकट मिळतात. स्नेहसंमेलनात असे दोन मिनिटांचे चित्र दाखवले, तर ते पाहून गेलेला पालक गावभर सांगेल. रंगीत पत्रकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आमची मागणी

विश्वस्त मंडळाने पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी आमची नम्र पण स्पष्ट विनंती आहे.

पहिली, चित्रकलेच्या शिक्षकाची जागा जूनपूर्वी भरावी. बाहेरून आठवड्यातून दोन दिवस येणारा शिक्षक सॉफ्टवेअर शिकवील, पण मुलाच्या शेजारी बसून "पुन्हा एकदा वाटी फिरव आणि ऐक" असे सांगणारा माणूस शाळेतच असावा लागतो. शिवाय पाचवी ते सातवीच्या मुलांची चित्रकला या नव्या वर्गापायी बंद पडणार आहे, याकडे प्रस्तावात कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

दुसरी, पहिल्या सहामाहीत आठवीला कागदावरचे ॲनिमेशन शिकवावे. क्रम साधा ठेवावा: चेंडू, लंबक, पडणारा कागद, फिरती वाटी, फडकणारे निशाण, निरांजनाची ज्योत, आणि शेवटी चालणारा माणूस. माणूस शेवटी, कारण त्याच्यात आधीचे सगळे येते. पाय लंबकासारखे झुलतात, डोके प्रत्येक पावलाला वर-खाली होते, ओढणी आणि दप्तर मागून येतात. विज्ञान आणि मराठीच्या शिक्षकांना यात महिन्यातून एकेक तास द्यावा.

तिसरी, संगणक आणि सॉफ्टवेअरची खरेदी रद्द करू नये, एक सहामाही पुढे ढकलावी. दिवाळीनंतर मुले संगणकापुढे बसतील, तेव्हा त्यांना काय मागायचे हे माहीत असेल. किती यंत्रे लागतील, हेही तोवर आपल्याला कळेल.

पालकांना एवढेच सांगणे आहे, की मूल स्वयंपाकघरात वाटी फिरवत बसले, तर लगेच ओरडू नका. थोडा वेळ तुम्हीही ऐका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी सुट्टीतले काम. जुन्या वहीच्या चाळीस पानांच्या कोपऱ्यात एक वस्तू चालती करा. वस्तू घरातलीच हवी: दाराची कडी, कुकरची शिट्टी, आजोबांची काठी, मांजराची शेपटी, काहीही चालेल. आधी तीन वेळा नीट पाहा, घड्याळ लावून वेळ मोजा आणि पहिल्या पानावर योग्य क्रियापद मराठीत लिहा. वह्या पंधरा जूनपर्यंत ग्रंथालयात आणून द्या. चांगल्या वह्या ग्रंथालयाच्या टेबलावर मांडून ठेवू. विश्वस्त मंडळींनी आपल्या पुढच्या बैठकीपूर्वी त्या एकदा स्वतःच्या अंगठ्याने उलटून पाहाव्यात, अशी विनंती त्यांना आम्ही आजच करून ठेवत आहोत.

या विषयावर वेगळे मत असणाऱ्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला अवश्य लिहावे. पुढील अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.